मुंबई–दिल्ली विमानात पहिल्यांदाच पुढच्या केबिनचं तिकीट काढताय?

१२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि १४ नोव्हेंबरला इंडिगोने दिल्ली–मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’ नावाची बिझनेस केबिन सुरू केली. २००६ पासून इंडिगोच्या देशांतर्गत विमानात शेवटच्या रांगेपर्यंत एकच वर्ग होता, आणि तीच त्या कंपनीची ओळख होती. ‘स्ट्रेच’च्या आधीचा काळ आठवून पाहा. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली, जेट एप्रिल २०१९ मध्ये थांबली, विस्तारा २०१५ ते २०२४ अशी जेमतेम दहा वर्षं उडाली. पुढच्या केबिनवर जगू पाहणाऱ्या कंपन्या एकेक करून गेल्या आणि शेवटी स्वस्त तिकिटांवर मोठी झालेली कंपनीच त्या बाजारात उतरली.

यामुळे झालंय असं की आजवर ज्यांनी पडद्यापलीकडे डोकावूनही पाहिलं नव्हतं, त्यांच्यासमोर ॲपवर इकॉनॉमीच्या शेजारी आणखी दोन-तीन आकडे येऊन बसलेत. आई-बाबांना दिल्लीला भावाकडे पाठवायचंय, ऑफिसने पहिल्यांदाच वरच्या वर्गाला मंजुरी दिलीय, किंवा नुसतीच हौस आहे. हा लेख त्यांच्यासाठी. तुम्ही महिन्यातून चार वेळा हा प्रवास करत असाल तर यातलं बरंचसं तुम्हाला माहीत असेल. तरीही विमान ओळखण्याचा भाग वाचा, कारण नेहमी जाणारेही तिथेच फसतात.

पहिली पायरी: जागा नेमकी कशाला हवी आहे?

मुंबई ते दिल्ली अंतर साधारण साडेअकराशे किलोमीटर. वेळापत्रकात सव्वादोन तास लिहिलेले असतात, त्यात धावपट्टीपर्यंतचं रेंगाळणंही आलं. म्हणजे खुर्ची मागे करून निवांत बसायला मिळतात ते दीड तासाच्या आसपास. बाकी प्रवास जमिनीवरच होतो: घर ते विमानतळ, बॅगेची रांग, सुरक्षा तपासणी, गेट, उतरल्यावर पट्ट्यापाशी ताटकळणं. पुढच्या केबिनचे पैसे वसूल होणार का, हे बरंचसं या जमिनीवरच्या वेळेवर ठरतं.

म्हणून आधी कारण ठरवा. गुडघे दुखतात, पाय लांब करायला जागा हवी, एवढंच कारण असेल तर थांबा. इकॉनॉमीतच पहिल्या रांगेतल्या आणि आपत्कालीन दरवाजाजवळच्या सीटला पाय ठेवायला जास्त जागा असते. त्या थोडे जास्त पैसे भरून घेता येतात आणि वरच्या वर्गाच्या तिकिटाच्या मानाने तो खर्च किरकोळ असतो. फक्त आपत्कालीन दरवाजाच्या रांगेत ज्येष्ठ नागरिक, लहान मुलं, गरोदर स्त्रिया यांना बसू देत नाहीत. गरज पडली तर तिथल्या प्रवाशाला दरवाजा उघडता आला पाहिजे. आई-बाबांसाठी पहिली रांग बघा, दरवाजाची नको.

व्हीलचेअरसाठी कोणी वरचा वर्ग घेत असेल तर तोही गैरसमज. व्हीलचेअरची मदत तिकिटाच्या वर्गावर ठरत नाही, इकॉनॉमीतही मिळते. तिकीट काढतानाच ती मागून ठेवायची, एवढंच.

पुढची केबिन खरोखर उपयोगी पडते ती तीन-चार प्रसंगी. सामान जास्त आहे. कामाचा भरवसा नाही, बैठक लांबली तर रात्रीचं उड्डाण सकाळवर ढकलावं लागेल. उतरल्या उतरल्या कोणासमोर तरी ताजंतवानं उभं राहायचंय. किंवा माणूस उंच आणि रुंद आहे, आणि दोन तास खांदे आकसून बसणं ही त्याच्यासाठी शिक्षाच आहे. हौस हेही कारण आहेच, त्याबद्दल ओशाळायची गरज नाही. पण हौस असेल तर विमान निवडून करा. ते कसं, ते आता सांगतो.

दुसरी पायरी: वर्गाचं नाव बाजूला ठेवा, विमान बघा

एसटीच्या खिडकीवर शिवनेरीचं तिकीट मागितलं की शिवनेरीच मिळते. साधी गाडी लावून तिला कोणी शिवनेरी म्हणत नाही. विमानात मात्र ‘बिझनेस’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, आणि एकाच कंपनीच्या एकाच मार्गावर एकाच दिवशी दोन्ही उडत असतात.

पहिला प्रकार म्हणजे एका मार्गिकेचं (खुर्च्यांमधून चालायची वाट एकच), लहान विमान. एअरबस ए३२०, ए३२१ ही विमानं. यात पुढे रुंद खुर्च्या असतात, मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. पाठ मागे जाते, पण खुर्चीचा पलंग होत नाही. दुसरा प्रकार दोन मार्गिकांचं, मोठं विमान: बोइंग ७८७, ७७७, एअरबस ए३५०. ही विमानं मुळात परदेशवाऱ्यांसाठी घेतलेली; मधल्या वेळात किंवा गर्दीच्या मार्गांवर एअर इंडिया ती देशातही उडवते. ए३५०ची सुरुवातच जानेवारी २०२४ मध्ये देशांतर्गत उड्डाणांनी झाली होती. यातल्या बिझनेसमध्ये सीट पूर्ण आडवी होते. ए३५०-९०० मध्ये तर अशा २८ सीटा आहेत आणि प्रत्येकीला सरकतं दार आहे. एक-दोन-एक अशी मांडणी, म्हणजे कोणालाही ओलांडून जावं लागत नाही.

मुंबई–दिल्लीसारख्या मार्गावर या दोन्ही प्रकारांच्या भाड्यात कित्येकदा फारसा फरक नसतो. कारण भाडं ठरतं मागणीवर आणि वेळेवर, खुर्ची आडवी होते की नाही यावर नाही. ज्याला हे माहीत आहे तो तेवढ्याच पैशात दारवाली खोली घेऊन जातो आणि शेजारच्या उड्डाणातला माणूस रुंद खुर्चीत बसून ‘बिझनेस म्हणजे एवढंच?’ असं म्हणत असतो.

तिकीट काढायच्या आधी ‘उड्डाणाचा तपशील’ उघडा. तिथे विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, काही ठिकाणी नुसतं सांकेतिक चिन्ह असतं. ३२एन म्हणजे ए३२०निओ, ३२क्यू म्हणजे ए३२१निओ, ७८८ आणि ७८९ ही ७८७ची दोन रूपं, ३५९ म्हणजे ए३५०-९००, ७७डब्ल्यू म्हणजे मोठं ७७७. चिन्ह ‘३२’ने सुरू झालं तर एका मार्गिकेचं विमान, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

एअर इंडियाचा उड्डाण क्रमांक चार आकडी असेल आणि २ ने सुरू होत असेल, तर ते विलीनीकरणाच्या वेळी विस्ताराकडून आलेलं उड्डाण. त्या ताफ्यातली केबिन बऱ्यापैकी ठाकठीक असते, असं नेहमीचे प्रवासी मानतात आणि माझंही मत तेच आहे. एअर इंडियाने जुन्या ए३२०निओ विमानांतली केबिन बदलायचं काम हाती घेतलं आणि त्यातही ८ बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी आणि १३२ इकॉनॉमी अशी मांडणी केली. पुढे फक्त दोन रांगा बिझनेसच्या, त्यामुळे त्या ८ सीटा लवकर संपतात.

आता सीटचा नकाशा उघडा. आकडे वाचायची सवय नसेल तर नुसतं चित्र बघा. एका ओळीत चार चौकोन म्हणजे रुंद खुर्ची. सहा म्हणजे इकॉनॉमीचीच रुंदी. दोन मार्गिका दिसल्या तर मोठं विमान. मोठ्या विमानातही दोन-दोन-दोन अशी मांडणी असेल तर खिडकीजवळच्या माणसाला बाहेर पडताना शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागतात. एअर इंडियाच्या ७८७-८च्या जुन्या केबिनमध्ये तसं आहे.

प्रीमियम इकॉनॉमी, स्ट्रेच आणि नावांचा गोंधळ

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुकीची तिकिटं इथे काढली जातात.

एअर इंडियाच्या ए३२०निओमधली प्रीमियम इकॉनॉमी म्हणजे २४ सीटा, चार रांगा, तीन-तीन. रुंदी इकॉनॉमीइतकीच आणि मधली सीट आहे ती आहेच. मिळतं काय, तर गुडघ्यापुढे काही इंच जागा, पाठ थोडी जास्त मागे, बरं जेवण, रांगेत अग्रक्रम. ही वाईट गोष्ट नाही. पण ‘प्रीमियम’ शब्द वाचून रुंद खुर्चीची अपेक्षा केली तर हिरमोड होतो. परदेशी जाणाऱ्या ए३५० मधली प्रीमियम इकॉनॉमी वेगळी, तिथे खुर्चीच मोठी आहे. नाव मात्र तेच.

इंडिगोचं स्ट्रेच याच्या उलट. इंडिगो त्याला बिझनेस म्हणते. ए३२१निओमध्ये पुढे १२ सीटा, तीन रांगा, दोन-दोन, मधली सीट नाही. रेकारो कंपनीची खुर्ची, रांगांमधलं अंतर ३८ इंच, रुंदी २१.३ इंच, पाठ ५ इंच मागे. तीन पिनचा प्लग आणि ६० वॅटचा टाइप-सी पोर्ट आहे, त्यामुळे लॅपटॉप चालतो. समोर सिनेमा बघायचा स्क्रीन नाही. फोन किंवा टॅब अडकवायला जागा आहे, सिनेमा घरूनच उतरवून आणायचा.

रांगांमधलं अंतर म्हणजे एका खुर्चीच्या पाठीपासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंत. इकॉनॉमीत ते २८ ते ३० इंच असतं. ३८ म्हणजे आठ-दहा इंचांचा फरक. घरी पट्टी घेऊन गुडघ्यापुढे दहा इंच मोजून बघा, म्हणजे त्या आकड्यात काय दडलंय ते कळेल. एअर इंडियाच्या नव्या केबिनमधल्या ए३२०निओ बिझनेसमध्ये हेच अंतर ४० इंच आहे. म्हणजे खुर्चीपुरतं बोलायचं तर दोन्ही एकाच पंगतीतले.

फरक पडतो तो खुर्चीबाहेर. एअर इंडियासारख्या पूर्ण सेवेच्या कंपनीत गरम जेवण काचेच्या ताटलीत येतं, लाउंज (विमानतळावरची बसण्या-खाण्याची वेगळी जागा) सहसा तिकिटात धरलेलं असतं. स्ट्रेचची सुरुवात झाली तेव्हा ओबेरॉयकडून आलेला शाकाहारी डबा होता आणि लाउंज नव्हतं. अशा गोष्टी कंपन्या बदलत असतात, म्हणून तिकिटासोबत काय काय येतं ती यादी त्या दिवशीची वाचा. मद्य मात्र देशांतर्गत उड्डाणात कोणत्याही वर्गात मिळत नाही. बिझनेसचं तिकीट काढलं म्हणून मागू नका, केबिन क्रूला अवघडल्यासारखं होतं.

एअर इंडिया एक्सप्रेसच्या काही बोइंग ७३७ मध्येही पुढे दोन-दोनच्या रुंद खुर्च्या आहेत, त्यांना ‘एक्सप्रेस बिझ’ म्हणतात. सगळ्या विमानांत नाहीत. ॲपवर पर्याय दिसला तर आहे, नाही तर नाही.

तिसरी पायरी: भाडं वाचायचं कसं

स्ट्रेच सुरू झालं तेव्हा एका बाजूचं भाडं १८,०१८ रुपयांपासून होतं. आजचा आकडा याहून वेगळा असेल, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असेल. त्यामुळे किती पडतं यापेक्षा कशामुळे वाढतं ते समजून घ्या.

सोमवारी सकाळी आणि शुक्रवारी संध्याकाळी पुढची केबिन ऑफिसवाल्यांची असते. कंपनी पैसे भरते, त्यामुळे तो माणूस घासाघीस करत नाही, आणि भाडं त्याच्याकडे बघून लावलेलं असतं. मंगळवार-बुधवारची दुपार, शनिवारची दुपार ही आपली वेळ. तेव्हा इकॉनॉमी आणि बिझनेसमधली दरी बऱ्याचदा कमी होते. सणाच्या तोंडावर गंमत उलटी होते: दिवाळीत इकॉनॉमी इतकी चढते की पुढच्या केबिनशी फारसा फरकच उरत नाही. तेव्हा दोन्ही भाडी शेजारी ठेवून बघायला विसरू नका.

कर हा पहिल्यांदा काढणाऱ्याला बसणारा धक्का. इकॉनॉमीवर जीएसटी ५ टक्के. त्यावरच्या सगळ्या वर्गांवर, म्हणजे प्रीमियम इकॉनॉमीवरसुद्धा, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के. त्याआधी १२ होता. हिशोब करू. समजा इकॉनॉमीचं मूळ भाडं ५,००० आणि बिझनेसचं १५,०००. कर झाला २५० आणि २,७००. म्हणजे नुसत्या करातच जवळजवळ अडीच हजारांचा फरक. म्हणून शोधाच्या पहिल्या पानावरच्या आकड्यांची तुलना करू नका, पैसे भरायच्या पानापर्यंत जा आणि तिथले दोन आकडे बघा.

प्रवास धंद्याच्या कामासाठी असेल तर तिकीट काढतानाच कंपनीचा जीएसटी क्रमांक आणि नाव भरा. तो कर पुढे परत मिळवता येतो, पण क्रमांक नसलेल्या बिलावर नाही. नंतर क्रमांक घालून घेणं म्हणजे ईमेलवर ईमेल.

यानंतर येतात भाड्यांचे उपप्रकार. एकाच वर्गात, एकाच खुर्चीला, एअर इंडियात व्हॅल्यू, क्लासिक, फ्लेक्स असे दर दिसतात. खुर्ची तीच असते. तारीख बदलायचे पैसे किती, रद्द केलं तर हातात काय येणार, सामान किती, हे बदलतं. माझा सल्ला सरळ आहे: डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला जाताना स्वस्त उपप्रकार घेऊ नका. पहाटे धुकं पडतं, उड्डाणं पुढे सरकतात, पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं, आणि तेव्हा फुकट तारीख बदलण्याची सोय खुर्चीपेक्षा जास्त कामाची ठरते. ऑक्टोबरात लग्नाला जाताय आणि तारीख दगडावरची रेघ आहे, तर स्वस्तातला घ्या.

तिकीट आधी इकॉनॉमीचं काढून मग वर सरकायचाही मार्ग आहे. काही कंपन्या उड्डाणाच्या काही दिवस आधी ‘किती द्याल?’ असं विचारणारा ईमेल पाठवतात, म्हणजे बोली. काही चेक-इन करताना ठरावीक रकमेत वरची सीट देऊ करतात. यात पैसे वाचू शकतात, पण दोन गोष्टी आधी तपासा. बोलीच्या रकमेवर कर वेगळा आहे का, आणि वर सरकल्यावर सामान-लाउंज वरच्या वर्गाचं मिळणार की नुसती खुर्ची. प्रीमियम इकॉनॉमीसाठी बोली लावताना मघाची तीन-तीनची मांडणी आठवा. मधली सीट मिळवायला जास्त पैसे मोजण्यात काही अर्थ नाही.

चौथी पायरी: कोणती सीट

लहान विमानात बिझनेसच्या दोन-तीनच रांगा, त्यामुळे निवड सोपी वाटते. पण पहिली रांग डोळे झाकून घेऊ नका.

पहिल्या रांगेसमोर भिंत असते. पुढचा माणूस पाठ तुमच्यावर टाकणार नाही, हा फायदा. पण समोर खुर्चीच नसल्यामुळे खाली बॅग ठेवायला जागा नाही. उड्डाण करताना आणि उतरताना हातातली सगळी बॅग वरच्या कप्प्यात. चष्मा, औषध, चार्जर, लिहायचं पेन जे काय लागेल ते बॅग वर जायच्या आधी खिशात काढून घ्या. टेबल खुर्चीच्या हातातून उलगडतं, ते किंचित डुगडुगतं. लॅपटॉपवर टाइप करणाऱ्याला ते जाणवतं. शिवाय पडद्याआड स्वयंपाकाची जागा आणि पुढचं स्वच्छतागृह तिथेच. भांड्यांचा आवाज, ये-जा, दिव्याची तिरीप हे सगळं पहिल्या रांगेच्या वाट्याला येतं.

काम करायचं असेल तर दुसरी रांग, मार्गिकेची सीट. झोपायचं असेल तर दुसरी रांग, खिडकी. सर्वांत आधी उतरायचं असेल तर पहिली, आणि दिल्लीच्या टर्मिनल ३ वर लांबलचक चालायचं असतं म्हणून ती घाई तशी वायाच जाते.

पाचवी पायरी: विमानतळावर

आधी टर्मिनल. मुंबईत टर्मिनल १ विलेपार्ले-सांताक्रूझच्या अंगाला आणि टर्मिनल २ सहारला; दोघांमध्ये रस्त्याने जावं लागतं आणि संध्याकाळी तो रस्ता कसा असतो ते मुंबईकराला सांगायला नको. एअर इंडिया टर्मिनल २ वरून, इंडिगो दोन्हीकडून उडते. दिल्लीतही इंडिगोची उड्डाणं वेगवेगळ्या टर्मिनलांत विभागलेली आहेत. वर्ग कोणताही असो, चुकीच्या टर्मिनलवर पोहोचलेल्या माणसाला कोणी लवकर आत घेत नाही. मेट्रो ३ ची दोन्ही टर्मिनलांना वेगळी स्थानकं आहेत, हातात एकच बॅग असेल तर तो पर्याय चांगला.

चेक-इनला तुमच्या वर्गाची वेगळी खिडकी असते, फलक वाचून तिथेच उभं राहा. बॅगेवर अग्रक्रमाची पट्टी लावून घ्या. ती लावायची राहून जाते आणि मग पट्ट्यावर तुमची बॅग सगळ्यांच्या शेवटी येते. काउंटर सोडायच्या आधी बॅगेकडे एक नजर टाका. हातातल्या बॅगेची मर्यादाही वर्गानुसार बदलते: एअर इंडियात इकॉनॉमीला ७ किलो, बिझनेसला १० किलो. बॅग मात्र सगळ्यांना एकच. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, ती हातातच ठेवा.

वेगळी खिडकी आहे म्हणून उशिरा निघू नका. बॅगेचं काउंटर साधारण तासभर आधी आणि गेट साधारण २५ मिनिटं आधी बंद होतं, ते सगळ्यांसाठी. सुरक्षा तपासणीत अग्रक्रमाची रांग असली तरी ट्रे आणि यंत्र तेच. डिजीयात्रा, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडणारी सोय, आधी नोंदवून ठेवलीत तर प्रवेशद्वारावरचा वेळ वाचतो, आणि तिथे इकॉनॉमीवाला आणि बिझनेसवाला सारखेच.

लाउंजबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी तिथे क्रेडिट कार्डवर आलेल्यांची एवढी गर्दी असते की बाहेर गेटपाशी निवांत वाटावं. तुमच्याकडे असं कार्ड असेल तर इकॉनॉमीच्या तिकिटावरही तुम्ही त्याच लाउंजमध्ये बसू शकता, मग लाउंजसाठी वरचा वर्ग घ्यायचं कारण उरत नाही.

सहावी पायरी: विमानात

फार शिकण्यासारखं काही नाही. चढताना आधी बोलावतात. गेलंच पाहिजे असं नाही, पण पहिल्या रांगेत असाल तर कप्पा रिकामा मिळावा म्हणून जा. बसल्यावर पाणी किंवा सरबत येतं, ते तिकिटात आहे. नावाने हाक मारतात, त्यावर दचकू नका. जैन, मधुमेही किंवा दुसरं खास जेवण हवं असेल तर ते आदल्या दिवसापर्यंत कळवावं लागतं, वर आकाशात काही बदलत नाही. खुर्ची मागे करायच्या आधी एकदा वळून बघा, जेवताना सरळ करा.

सातवी पायरी: ठरलेलं मिळालं नाही तर

दोन वेगळ्या परिस्थिती आहेत आणि त्यांत गल्लत होते.

एक: तुम्ही बिझनेसचं तिकीट घेतलं आणि जागा नाही म्हणून इकॉनॉमीत बसवलं. यासाठी डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे, १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेला. देशांतर्गत उड्डाणात तुमच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसवलं तर करांसह तिकिटाच्या रकमेच्या ७५ टक्के परत मिळतात आणि प्रवासही होतो. काउंटरवर बऱ्याचदा ‘दोन्ही भाड्यांतला फरक देऊ’ किंवा ‘पुढच्या वेळचं व्हाउचर देऊ’ असं म्हटलं जातं. व्हाउचरवर सही करण्याआधी ७५ टक्क्यांचा नियम शांतपणे बोलून दाखवा. भांडायची गरज पडत नाही, नियम माहीत आहे हे कळलं की बोलण्याचा सूर बदलतो.

दोन: तिकीट काढताना ए३५० होतं, उडालं ए३२०. दारवाल्या खोलीऐवजी रुंद खुर्ची. याला खालचा वर्ग म्हणत नाहीत. तुम्ही बिझनेसचं तिकीट घेतलं होतं आणि बिझनेसमध्येच बसलात, त्यामुळे ७५ टक्क्यांचा नियम लागत नाही. मोठी विमानं परदेशी मार्गावर गरज पडली की तिकडे वळवली जातात, आणि त्याची झळ देशांतर्गत प्रवाशाला बसते. म्हणून केवळ आडव्या सीटसाठी तिकीट काढलं असेल तर आदल्या दिवशी आणि चेक-इन करताना सीटचा नकाशा पुन्हा उघडा. तुमची सीट आपोआप बदललेली दिसली, किंवा एक-दोन-एकच्या जागी दोन-दोन दिसलं, तर विमान बदललंय. लगेच फोन करा आणि त्याच दिवशीच्या दुसऱ्या मोठ्या विमानात हलवायला सांगा. उड्डाणाआधी विचारलं तर कित्येकदा फुकट हलवतात; विमानातून उतरल्यावर विचारलं तर दिलगिरीचा ईमेल येतो.

खालच्या वर्गात बसवल्याची तक्रार करायची असेल तर मूळ तिकीट, पैसे भरल्याची पावती आणि प्रत्यक्ष बसलेल्या सीटचा बोर्डिंग पास या तिन्हींचे फोटो ठेवा. बोर्डिंग पास बदलून देतात तेव्हा जुना काढून घेतात, म्हणून तो हातात असतानाच फोटो काढा. आधी कंपनीला लिहा, उत्तर नाही आलं तर तिच्या नोडल अधिकाऱ्याला (तक्रारींसाठी नेमलेला माणूस), आणि तरीही दाद लागली नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा. तिथे पीएनआर, उड्डाण क्रमांक आणि तारीख मागतात. कंपनीशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडता येतो.